बावची आणि ऊन

आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात बावची मागणारं गिऱ्हाईक हमखास आवाज खाली आणायचं. कुणी म्हणे, शेजाऱ्यांना हवीय. कुणी म्हणे, गुराला. वडील काही न विचारता पुडी बांधत आणि एवढंच सांगत, "लेप लावून उन्हात बसा, पण बेतानं. फोड आले तर थांबा."

बावची हे कोडावरचं, म्हणजे अंगावरच्या पांढऱ्या डागांवरचं औषध. कोडावरचं हे ऊन फार जुनं. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात रजनी नावाच्या वनस्पतीला विनवलंय, या डागांना आणि पिकल्या केसांना रंग दे. ही जोडी मला विलक्षण वाटते. कारण नव्या रंगपेशी येतात त्या मुख्यतः केसांच्या मुळांतून. डागावरचे केसही पांढरे झाले की रंग परतणं अवघड. बोटांची टोकं, ओठ म्हणूनच दाद देत नाहीत. चरकसंहितेतही श्वित्राच्या, म्हणजे कोडाच्या, रोग्याला औषध देऊन उन्हात बसवलंय, आणि फोड येतील हेही लिहून ठेवलंय.

तिकडे नाईलकाठीही तेच. आत्रिलालचं बी खाऊन उन्हात बसायचा उपाय तेराव्या शतकात इब्न अल-बैतारनं नोंदवला. १९४८ साली कैरोत डॉ. एल मोफ्ती यांनी त्याच बियांतलं शुद्ध द्रव्य कोडाच्या रुग्णांना दिलं. ते निघालं सोरालेन कुळातलं, म्हणजे आमच्या बावचीचंच भाऊबंद! त्वचेला अतिनील किरणांसाठी हळवं करणं हे या कुळाचं काम. पुढे सत्तरच्या दशकात उन्हाच्या जागी दिवे आले. आता बहुतेक दवाखान्यांत सोरालेनही लागत नाही. सुमारे ३११ नॅनोमीटरचा नॅरोबँड दिवा पुरतो.

बावची विकण्यात आमची हयात गेली, तरी घरच्या घरी लेप लावा असं मी कुणाला सांगणार नाही. ऊन तोलून देता येत नाही, आणि भाजल्या जागी कधी नवाच डाग उठतो.

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, म्हणून कोड होतं. ते लागत नाही, मासे-दुधानं येत नाही. तरी लोकांनी त्याला कुष्ठाच्या पंगतीला बसवलं आणि लग्नं मोडली. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन काढली. २००६ साली सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 'नितळ' हा कोडावरचा चित्रपट आला. त्यातली नायिका स्वतः डॉक्टर. उपचाराचं तिला कुणी शिकवायला नको. अडतं ते सासर होऊ पाहणाऱ्या घरात.