बाबांच्या पेटीतला कागद

माझे वडील मालवणच्या कचेरीबाहेर मुद्रांक विकत. लाकडी पेटी, दौत-टाक आणि जाड नोंदवही. प्रत्येक कागदाच्या पाठीवर ते अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव घालत, मगच सही करत. कुणी कितीही घाई केली तरी नाव दोनदा विचारल्याशिवाय लिहीत नसत.

हा कागद आमच्या किनाऱ्यावर कंपनी सरकारच्या अमलात रुळला. 1812 साली कोल्हापूरकरांनी मालवण इंग्रजांना दिलं, आणि 1827 च्या एल्फिन्स्टन संहितेत मुद्रांकाचा नियम आला. हा सरळसरळ कर होता, सरकारी तिजोरीसाठी. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा मुंबई इलाख्याला 1893 पासून लागू झाला. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या घर-जमिनीची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते, असं त्यात आहे. तो शंभराचा आकडा आजही तोच आहे. बाबा तो कलमासकट सांगत.

नोटरीचा कायदा 1952 चा. सही खरोखर त्याच माणसाने केली, एवढीच नोटरीची साक्ष. त्याची फी थोडी, म्हणूनच माणसं फसतात.

आमची आत्या फसली. 1974 साली मालवणजवळच्या वायरीत तिने माडांच्या आडोशाला दोन खणांचं घर घेतलं. विकणारा मुंबईचा चाकरमानी, गणपतीला आलेला, परतायच्या घाईत. नोंदणीचा खर्च नको म्हणून स्टँपवर लिहून नोटरी केली आणि पैसे मोजून दिले. बाबा तेव्हा आजारी होते. आत्या म्हणायची, "नोटरी केलंय मां, आता घर माझा." बारा वर्षांनी विकणाऱ्याचे पुतणे आले. सातबाऱ्यावर त्यांच्या आजोबांचं नाव, सामाईक हिस्सा, सह्या एकाच्याच. आत्याने लावलेला फणस तेव्हा फळाला आला होता. घर सोडताना तिने तुळस तेवढी उचलून आणली.

बाबांनी त्यानंतर पेटीशी येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली: "नोंदवणार ना?" नाही म्हणणाऱ्याला ते बसवून घेत. सब-रजिस्ट्रारच्या वहीत दस्त उतरला की मूळ कागद वाळवीने खाल्ला तरी नक्कल मिळते, हे समजावत. आमच्या पावसाळ्यात ही गोष्ट लहान नाही.

बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणानंतर छापील स्टँपवरचा विश्वास डळमळला. आता मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरतात. ते ठरलेली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त असेल त्यावर लागतं, म्हणून किंमत कमी लिहून फारसं वाचत नाही. कमी भरलं तर तुटीवर दरमहा दोन टक्के दंड आहे. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. एकट्या बाईच्या नावे राहतं घर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत, 2021 पासून. आत्याच्या वेळी ती नव्हती.

गावी घर घेणाऱ्यांनो, नोटरीच्या कागदावर पैसे देऊ नका. सातबाऱ्यावरचं प्रत्येक नाव वाचा, प्रत्येकाची सही घ्या. सह्या झाल्यावर चार महिन्यांच्या आत खरेदीखत नोंदवा, आणि तलाठ्याकडे फेरफार पडला का, ते स्वतः जाऊन बघा.