इन्व्हरकारगिलचा फटफटीवाला

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदीं खालच्या टोकाशीं इन्व्हरकारगिल नांवाचें शहर आहे. यंत्रविद्येच्या मोठमोठ्या केंद्रांपासून तें हजारों मैल दूर आहे. या शहरांत बर्ट मन्रो नांवाच्या विशींतल्या तरुणानें इ. स. १९२० सालीं एक फटफटी विकत घेतली. नवी असतांना ती ताशीं फार तर ५५ मैल धांवे. पुढें १९६७ सालीं, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनीं, हीच फटफटी अमेरिकेंतील मिठाच्या एका मैदानावर ताशीं १८३ मैलांहून अधिक वेगानें धांवली. तिच्यावर बसलेला माणूसही तोच होता; मात्र त्याचें वय आतां अडुसष्ट वर्षांचें झालें होतें. या दोन सालांच्या मधला इतिहास कोणत्याहि कारखान्यांत घडला नाहीं. तो घरच्या शेडमध्यें, एका माणसाच्या हातून घडला.

फटफटीचें नांव ‘इंडियन स्काउट’. या नांवामुळें आपल्याकडील श्रोत्यांचा गैरसमज होण्याचा संभव आहे. ‘इंडियन’ ही अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांतल्या स्प्रिंगफील्ड गांवची कंपनी. हिंदुस्थानशीं तिचा संबंध नाहीं. नांवांतला ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी. स्काउटची आंखणी चार्ल्स फ्रँकलिन या आयर्लंडांतून अमेरिकेंत गेलेल्या यंत्रज्ञानें केली होती. तिचें इंजिन दोन सिलिंडरांचें, सुमारें ६०० घनसेंटिमीटर आकाराचें, म्हणजे मध्यम जातीचें होतें. इंजिनाकडून गिअरपेटीकडे शक्ति नेण्यास साखळीऐवजीं दांतेरी चाकें योजलेलीं होतीं. गाडी टणक व विश्वासू म्हणून नांवाजलेली होती. शर्यतीची ती नव्हे. परंतु मजबूत पायावर इमारत चढवितां येते, हें मन्रोच्या पथ्यावर पडलें.

मन्रोचा जन्म २५ मार्च १८९९ चा. बालपण शेतावर गेलें. पोटासाठीं तो पुढें मोटारसायकली विकण्याचें व दुरुस्तीचें काम करी. दिवसां दुकान आणि रात्रीं स्वतःची फटफटी, असा त्याचा क्रम होता. १९२६ च्या सुमारास त्यानें स्काउटमध्यें फेरफार करावयास आरंभ केला, आणि मग तें काम थांबलेंच नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. यंत्राचा एक भाग सुधारला म्हणजे सर्व यंत्र सुधारतें अशी नवशिक्या हौशी माणसाची समजूत असते. प्रत्यक्षांत घडतें तें उलट. इंजिनाची ताकद वाढविली कीं तो वाढीव भार दुसऱ्या कोणत्या तरी भागावर पडतो, आणि तो भाग मोडतो. तो मजबूत केला कीं तिसरा मोडतो. मन्रोच्या चाळीस वर्षांच्या कामाचा इतिहास म्हणजे अशा मोडतोडीचाच इतिहास आहे.

मूळ स्काउटच्या झडपा सिलिंडरच्या बाजूस होत्या. त्यामुळें आंत येणाऱ्या वायूला वळसा घालून जावें लागे; जणू घराचा दरवाजा बोळांत असावा, तशी ही व्यवस्था. मन्रोनें झडपा सिलिंडरच्या डोक्यावर आणल्या व त्या उघडण्यासाठीं दोनाऐवजीं चार कॅमांची रचना स्वतः बनविली. इंजिन मोकळेपणानें श्वास घेऊं लागलें. पण त्याबरोबर आंतील उष्णता आणि दाब हीं दोन्ही वाढलीं. आतां पिस्टन म्हणजे दट्टे टिकेनात. विकत आणावे तर पैसा नाहीं, आणि अशा विचित्र इंजिनाला बसणारे दट्टे बाजारांत मिळणार तरी कोठून? तेव्हां मन्रो धातु वितळवून जुन्या डब्यांत त्याचें ओतकाम करूं लागला. सिलिंडरांसाठीं त्यानें जमिनींतील गॅसच्या जुन्या बिडाच्या नळांचे तुकडे घेतले व ते आंतून कोरून गुळगुळीत केले.

दट्ट्याचें काम किती नाजूक असतें हें समजल्याशिवाय या उद्योगाचें महत्त्व कळणार नाहीं. दट्टा सिलिंडरांत सैल बसला तर दाब निसटून जातो. घट्ट बसला तर तापल्याबरोबर फुगतो आणि जागच्या जागीं अडकतो. ताशीं शंभर मैलांच्या वेगांत दट्टा अडकला तर मागचें चाक एकाएकीं थांबतें, आणि मग स्वाराचें काय होतें याची कल्पना करावी! हा फरक एका इंचाच्या कांहीं सहस्रांशांचा असतो. तो मोजण्यास कारखान्यांत मायक्रोमीटर वापरतात. मन्रोजवळ चाकाच्या जुन्या स्पोकचें केलेलें मोजमापाचें साधन होतें.

दट्टे टिकूं लागले तेव्हां त्यांना खालच्या फ्लायव्हीलशीं जोडणाऱ्या दांड्यांची पाळी आली. हे कनेक्टिंग रॉड तुटले म्हणजे एकटे तुटत नाहींत, आसपासचे सर्व भाग फोडून बाहेर पडतात. मन्रोनें ट्रॅक्टरचा एक जाड आंस मिळविला, त्यांतून ते दांडे हातानें कोरून काढले आणि त्यांना पाणी देऊन पक्के केले. पुढें फ्लायव्हीलही त्यानें स्वतःच घडविलीं. इंजिनाचा आकार हळूहळू वाढत अखेरीस ९५० घनसेंटिमीटरपर्यंत गेला. तेवढी शक्ति मूळच्या दांतेरी चाकांना व क्लचला पेलेना, म्हणून त्यांच्या जागीं सतरा चकत्यांचा क्लच आणि तिहेरी साखळी आली.

मोडलेले दट्टे, वांकलेले दांडे, फुटलेले भाग त्यानें फेकून दिले नाहींत. शेडमधील फळ्यांवर ते ओळीनें मांडून ठेवले आणि वर पाटी लिहिली. तिचा अर्थ असा कीं, वेगाच्या देवाला वाहिलेल्या या भेटी आहेत. यांत विनोद आहे. पण त्या फळ्यांचा दुसराही उपयोग होता. कोणता भाग कोठें तुटला, तडा कोणत्या कोपऱ्यांतून सुरू झाला, हें पुन्हां पाहावयास मिळे. मोठ्या कारखान्याला जें काम प्रयोगशाळा देते, तें मन्रोला या फळ्यांनीं दिलें.

या छंदाचें मोल केवळ धातूच्या तुकड्यांत मोजणें मात्र योग्य होणार नाहीं. मन्रोला पत्नी व चार मुलें होतीं. ज्या घरांतला कर्ता पुरुष दिवसभर दुकानांत आणि रात्रभर शेडमध्यें असतो, त्या घराची दशा सांगावयास नको. शतकाच्या पांचव्या दशकाच्या उत्तरार्धांत त्याचा संसार मोडला. त्यानें नोकरीही सोडली आणि तो गॅरेजमध्येंच राहूं लागला. चरित्रकार व चित्रपट करणारे या भागावरून लौकर पुढें सरकतात. परंतु भेटींच्या फळीवर न मांडलेली ही एक भेट होती, हें विसरणें बरें नव्हे.

शहराजवळ ओरेटीचा लांबलचक समुद्रकिनारा आहे. तेथील घट्ट वाळूवर मन्रो आपले प्रयोग करी. १९५७ सालीं त्यानें तेथें ताशीं १३१ मैलांचा वेग गांठला. यापुढें वाट अडविली ती वाऱ्यानें. वाऱ्याचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनानें वाढते. ५५ वरून १८३ म्हणजे वेग सव्वातीन पटींहून थोडा अधिक. पण गाडीचा बाह्य आकार तोच ठेवला तर वाऱ्यासाठीं शक्ति लागेल ती सदतीस पटींच्या आसपास. घरच्या शेडमध्यें एवढी शक्ति निर्माण होणें नाहीं. म्हणून मन्रोनें गाडीला माशाच्या आकाराचें कवच चढविलें, आणि स्वतः तो त्यांत पालथा पडून बसूं लागला. पहिलें कवच त्यानें ॲल्युमिनिअमचा पत्रा हातानें ठोकून घडविलें होतें. पुढें फायबरग्लासचें केलें.

कवचानें वारा कापला खरा, पण नवा शत्रु उभा राहिला. अतिवेगांत गाडी सापासारखी डोलूं लागे.

अमेरिकेंतील युटा संस्थानांत बॉनव्हिल येथें मिठाचें विस्तीर्ण सपाट मैदान आहे. मन्रो प्रथम तेथें नुसता पाहावयास गेला. पुढें गाडी घेऊन नऊ वेळां गेला. १९६२ सालीं त्यानें ८८३ घनसेंटिमीटरच्या वर्गांत ताशीं सुमारें १७९ मैलांचा उच्चांक केला. १९६६ सालीं १००० घनसेंटिमीटरच्या वर्गांत तो १६८ वरच थांबला. इंजिन मोठें आणि वेग कमी! तरी त्या वर्गाचा तो उच्चांक ठरला. यंत्राची सुधारणा सरळ रेषेंत होत नसते, याचा हा पुरावाच म्हणावा.

१९६७ सालच्या ऑगस्टांत तो पुन्हां आला. एका फेरींत अर्ध्याहून अधिक अंतर तोडल्यावर गाडी भयंकर डोलूं लागली. वेग कमी करावा म्हणून मन्रो उठून बसला, तों वाऱ्याच्या झोतानें त्याचा चष्मा उडाला आणि डोळ्यांपुढें कांहीं दिसेना. मार्ग दाखविणाऱ्या काळ्या रेघेपासून गाडी दूर भरकटली. एक लोखंडी खुंटा अवघ्या कांहीं इंचांनीं चुकला. शेवटीं त्यानें गाडी आडवी पाडली आणि किरकोळ खरचटण्यावर सुटला. त्या वर्षीं पात्रतेच्या एका फेरींत त्याचा एकेरी वेग १९० मैलांवर गेला. पण उच्चांक एकाच दिशेच्या वेगावर देत नाहींत, कारण पाठचा वारा साह्य करीत असेल. जाऊन व परत येऊन सरासरी काढावी लागते. ती सरासरी ताशीं १८३.५८६ मैल, म्हणजे सुमारें २९५ किलोमीटर, म्हणून नोंदली गेली.

६ जानेवारी १९७८ रोजीं मन्रो वारला. त्याची फटफटी इन्व्हरकारगिलमधील ‘ई. हेज’ या हार्डवेअरच्या दुकानांत, खिळे-मोळे आणि हत्यारें विकण्याच्या जागींच, लोकांना पाहण्यासाठीं ठेवलेली आहे. १९७१ सालीं रॉजर डोनल्डसन यानें त्याच्यावर एक माहितीपट काढला होता. त्याच दिग्दर्शकानें २००५ सालीं अँथनी हॉपकिन्सला घेऊन बोलपटही केला.

पुढें मन्रोच्या मुलाच्या असें ध्यानांत आलें कीं, १९६७ च्या त्या दोन फेऱ्यांची सरासरी काढतांना हिशेबांत चूक झाली आहे. त्यानें तें अमेरिकेंतील मोटारसायकल-संघटनेस कळविलें. संघटनेनें जुने आंकडे पुन्हां तपासले आणि २०१४ सालीं, म्हणजे मन्रोच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनीं, आपल्या वहींत १८३.५८६ च्या जागीं १८४.०८७ हा आंकडा लिहिला.