गोल अडवणं हे काम, ओळख मात्र गोलची: मुंबईकर बचावपटू राहुल भेकेची कारकीर्द

मीरा रोडच्या कुठल्याही टर्फवर संध्याकाळी चक्कर मारा. दोन संघ पाडताना पोरांचा वाद एकाच गोष्टीवरून होतो, पुढे कोण खेळणार? मागे थांबायला कुणी तयार नसतं. गोल मारणाऱ्याचं नाव होतं, अडवणारा कुणाच्या लक्षात राहत नाही.

याच मीरा रोडहून लोकल पकडली की काही स्टेशनांवर अंधेरी येतं. तिथल्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये १७ मार्च २०१९ च्या रात्री इंडियन सुपर लीगची फायनल होती. बंगळुरू एफसी विरुद्ध एफसी गोवा. ९० मिनिटांत एकही गोल झाला नाही. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळालं. सामना पेनल्टी शूटआउटकडे चालला होता आणि ११७ व्या मिनिटाला बंगळुरूला कॉर्नर मिळाला. चेंडू गोलसमोर आला, एका खेळाडूने डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात. बंगळुरूने पहिल्यांदा आयएसएल जिंकली.

तो गोल कुठल्या स्ट्रायकरचा नव्हता. तो होता मागे खेळणाऱ्या राहुल भेकेचा, आणि तोही त्याच्याच शहरात.

कोण आहे राहुल भेके?

राहुलचा जन्म १९९० चा, मुंबईतला. व्यावसायिक फुटबॉलची सुरुवात मुंबई एफसीकडून झाली. नंतर तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेला. त्या काळात आय-लीग आणि आयएसएल वेगवेगळ्या महिन्यांत खेळवल्या जात, त्यामुळे एकच खेळाडू दोन्हीकडे खेळू शकत असे. राहुलही त्या दरम्यान आयएसएलमध्ये केरळ ब्लास्टर्स आणि पुणे सिटीकडून खेळला.

२०१७ मध्ये तो बंगळुरूत आला आणि त्याचं नाव मोठं झालं. एप्रिल २०१८ मध्ये भुवनेश्वरला सुपर कपची फायनल झाली. समोर त्याचाच जुना संघ, ईस्ट बंगाल. बंगळुरू एका गोलने मागे असताना बरोबरी साधून दिली ती राहुलने. शेवटी बंगळुरू ४-१ ने जिंकला.

बचावपटूचं काम नेमकं काय?

राहुल राइट बॅक आणि सेंटर बॅक अशा दोन्ही जागांवर खेळतो. राइट बॅक उजव्या कडेने येणारा हल्ला थोपवतो आणि संधी मिळाली की स्वतःही वर धावतो. सेंटर बॅक गोलकीपरच्या अगदी पुढे उभा राहून समोरच्या स्ट्रायकरला जागा मिळू देत नाही.

हे काम चांगलं झालं तर स्कोअरबोर्डवर काहीच दिसत नाही. १० सप्टेंबर २०१९ चा दोह्यातला सामना आठवा. वर्ल्ड कप पात्रता फेरीत भारतासमोर कतार होता, त्याच वर्षी आशिया कप जिंकलेला. भारताने त्यांना ०-० वर रोखलं. गोलकीपर गुरप्रीत सिंग संधूचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण त्याच्या पुढच्या बचावफळीत राहुलही होता. भारताकडून पदार्पण करून त्याला जेमतेम तीन महिने झाले होते.

एक चूक आणि १० जणांचा संघ

स्ट्रायकरने सोपी संधी घालवली तर त्याला पुढची मिळते. बचावपटूला ती सवलत नसते.

३ जून २०२१. पुन्हा दोहा, पुन्हा कतार. १७ व्या मिनिटाला चेंडू हाताला लागला म्हणून राहुलला दुसरं पिवळं कार्ड मिळालं. दोन पिवळी म्हणजे एक लाल, म्हणजे थेट मैदानाबाहेर. उरलेली सत्तरहून जास्त मिनिटं भारत १० खेळाडूंनिशी लढला आणि ०-१ ने हरला. पाऊण तासाच्या आत केलेल्या दोन चुका नव्हे, तर पहिल्या १७ मिनिटांतल्या दोन चुका. त्यांची किंमत सगळ्या संघाने मोजली.

मग परत उभं राहणं

त्याच वर्षी तो मुंबई सिटीकडे आला. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामना होता, समोर इराकचा एअर फोर्स क्लब. मुंबई आधी मागे पडली, मग पेनल्टीवर बरोबरी झाली आणि ७५ व्या मिनिटाला राहुलने हेडर मारला. २-१. या स्पर्धेत भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. लाल कार्डाला तेव्हा जेमतेम दहा महिने झाले होते.

पुढे मुंबईने २०२२-२३ ची लीग शील्ड जिंकली. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून आयएसएल कपही घेतला, तेव्हा कर्णधार राहुल होता. त्यानंतर तो पुन्हा बंगळुरूला गेला.

भारतासाठी पहिला गोल करायला मात्र त्याला पाच वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर त्याने हेडरने बरोबरी साधली. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्धचा पहिला गोलही त्याचाच. तो सामना लक्षात राहिला सुनील छेत्रीच्या पुनरागमनामुळे. पण नोव्हेंबर २०२३ नंतर भारताला मिळालेल्या त्या पहिल्या विजयाची सुरुवात राहुलने करून दिली होती.

बचावपटूच कॉर्नरला पुढे का येतात?

कॉर्नरचा चेंडू बहुतेक वेळा हवेतून येतो. हवेतला चेंडू डोक्याने बाहेर काढणं हे बचावपटूचं रोजचं काम. उडी कधी घ्यायची, अंगाला अंग लावून जागा कशी धरायची, हे त्याला सवयीने जमतं. समोरच्या गोलपाशी तेच कौशल्य उलट्या दिशेने वापरायचं असतं. धोका एवढाच की चेंडू हुकला तर मागचं मैदान मोकळं असतं आणि धावत परतावं लागतं.

राहुलचे हे गोल व्हिडिओत सहज सापडतील. दोह्यातली ती ०-० ची नव्वद मिनिटं मात्र फारसं कुणी पुन्हा पाहत नाही. पुढचा सामना बघताना पाच मिनिटं चेंडूवरची नजर काढून मागच्या चौघांकडे बघा. राहुलची बरीचशी कारकीर्द तिथेच गेली आहे.