बुद्ध्यंकाचं कूळ

दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मुलाला नेलं की आईच्या हाती एक अहवाल येतो. मुलाचं नाव, वय, चाचणीचं नाव आणि एक आकडा. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावातून, एक दिवसाची मजुरी बुडवून रुग्णालयापर्यंत पोचलेल्या कुटुंबाचं पुढचं बरंच काही त्या आकड्यावर ठरतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं बहुतेक सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट घातली आहे. बौद्धिक दिव्यांगत्वाची टक्केवारी काढताना अशा चाचण्यांचेच आकडे विचारात घेतात. चाचणीच्या नावापुढे पुष्कळदा ‘बिने-कामत’ असं लिहिलेलं असतं. यातले बिने पॅरिसचे, कामत धारवाडचे. आकडा पोशेऱ्यात पोचला, पण तो कुठून कुठून फिरत आला हे अहवालात कुठेच लिहिलेलं नसतं. ते लिहायला हवं असं मला वाटतं, म्हणून ही कुळकथा.

फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं तशी सर्व थरांतली मुलं वर्गात आली, आणि काही मुलं मागे पडताना दिसू लागली. त्यांच्यासाठी काय करावं हे ठरवायला 1904 साली शिक्षण मंत्रालयानं समिती नेमली. आल्फ्रेद बिने त्या समितीत होते. त्यांची मुख्य तक्रार डॉक्टरांबद्दल होती. तेच मूल एका डॉक्टरनं तपासलं तर एक निदान, दुसऱ्यानं तपासलं तर दुसरं. म्हणजे बुद्धिमापनाची चाचणी जन्मली ती तज्ज्ञांच्या मतांवर विसंबता येईना म्हणून. विश्वसनीयतेचा प्रश्न तिच्या जन्मापासूनच तिच्यासोबत आहे.

बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी 1905 मध्ये तीस प्रश्नांची पहिली मालिका काढली. सर्वांत सोपं काम होतं पेटत्या काडीकडे नजर वळवण्याचं. 1908 च्या सुधारित मालिकेत प्रश्न वयांनुसार लावले. तीन वर्षांच्या मुलानं नाक, डोळे, तोंड दाखवावं. पाच वर्षांच्या मुलानं चौकोन पाहून काढावा, दोन वजनांतलं जड कोणतं ते सांगावं. सात वर्षांच्या मुलानं तेरा नाणी मोजावीत. प्रश्न कोणत्या वयाला बसवायचा याचा नियम साधा होता: त्या वयाची बहुतेक मुलं जो सोडवतात, तो त्या वयाचा. या नियमातच सगळी गोम आहे, कारण ‘बहुतेक मुलं’ म्हणजे पॅरिसमधली मुलं. त्याच मालिकेत बायकांच्या चेहऱ्यांच्या जोड्या दाखवून ‘यातली सुंदर कोणती’ असंही विचारलेलं आहे. या प्रश्नाचं बरोबर उत्तर पॅरिसच्या बाहेर काय असावं हे कोण ठरवणार?

बिनेंना स्वतःला बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी आहे असं मुळीच वाटत नव्हतं. मागे पडणाऱ्या मुलाला कोणती मदत हवी ते कळावं, एवढाच त्यांचा हेतू होता. 1911 मध्ये ते गेले आणि चाचणी दुसऱ्यांच्या हातात गेली. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत हेन्री गोडार्ड यांनी तिचं इंग्रजी रूप आधीच केलं होतं. जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी 1912 मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयानं भागायची कल्पना मांडली. स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी 1916 मध्ये त्याला शंभरानं गुणलं, आणि मदतीसाठी काढलेल्या मालिकेतून बुद्ध्यंक नावाचा एक आकडा तयार झाला.

हीच स्टॅनफर्ड-बिने चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडात हाती घेतली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि तिथल्या शाळांत कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा बोलणारी मुलं होती. कामतांनी दोन्ही भाषांत चाचणी बेतली. 1934 मध्ये त्यांनी या कामाचा निबंध ब्रिटनमधल्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापला आणि 1940 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं त्यांचं भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं पुस्तक काढलं.

या कामाचं मोल नीट कळायला त्यातली मेहनत डोळ्यांपुढे आणावी लागते. असं काम नुसत्या भाषांतरानं होत नाही. इंग्रजीत पहिलीतल्या मुलाला येणारा शब्द मराठीत पाचवीतल्या मुलाला येत असेल, तर तो प्रश्न त्या वयाचा राहत नाही. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं असेल तर वाक्यातली अक्षरं पुन्हा मोजावी लागतात. टर्मनच्या मालिकेत नऊ वर्षांच्या मुलाला सुटे परत करण्याचा हिशेब आहे. आणे-पैच्या बाजारात वाढलेल्या मुलाला सेंटांचा हिशेब घालून चालत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्न इथल्या मुलांना घालून पाहायचा, कोणत्या वयाची किती मुलं तो सोडवतात ते मोजायचं आणि तो खालच्या किंवा वरच्या वयाला सरकवायचा. याला प्रमाणीकरण म्हणतात. परीक्षकाच्या वागण्याचंही प्रमाणीकरण करावं लागतं. आकडे म्हणून दाखवायचे तर सेकंदाला एक, सपाट आवाजात, कुठेही जोर न देता. दोन आकडे जोडून म्हटले की मुलाला ते लक्षात ठेवणं सोपं जातं आणि गुण वाढतो. म्हणजे गुण परीक्षकाच्या आवाजाचा, नावावर मुलाच्या.

बिनेंची मालिका पॅरिसमध्ये आकाराला येत होती, त्याच सुमारास लाइपझिगमध्ये चार्ल्स स्पिअरमन दुसऱ्या टोकानं याच प्रश्नाकडे येत होते. सैन्यातली नोकरी सोडून मानसशास्त्राकडे वळलेल्या स्पिअरमन यांनी 1904 मध्ये दाखवलं की प्रत्येक मापात चूक मिसळलेली असते आणि ती किती हे गणितानं काढता येतं. 1910 मध्ये त्यांनी आणि विल्यम ब्राउन यांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच सूत्र मांडलं: चाचणीचे दोन भाग करा, एका भागातले गुण दुसऱ्याशी किती जुळतात ते पाहा आणि त्यावरून सबंध चाचणीची विश्वसनीयता काढा. तीच चाचणी काही दिवसांनी परत घेऊन पाहणं ही दुसरी रीत. दोन परीक्षकांनी वेगवेगळे गुण देऊन ते ताडून पाहणं ही तिसरी. उत्तर शून्य ते एकच्या दरम्यान येतं.

त्याचा व्यवहारातला अर्थ फार थोड्या ठिकाणी समजावून सांगितला जातो. समजा एका चाचणीची विश्वसनीयता 0.91 आहे. ही उत्तम मानतात. बुद्ध्यंकाचं प्रमाण विचलन 15 धरलं, तर अशा चाचणीची मापनातली प्रमाणित चूक साडेचार गुणांची निघते. मुलाला 68 मिळाले, तर त्याचा खरा आकडा साधारण 59 ते 77 यांच्या दरम्यान असेल एवढंच 95 टक्के खात्रीनं म्हणता येतं. बौद्धिक दिव्यांगत्व ठरवताना धरतात ती सत्तरची रेघ या पट्ट्याच्या जवळजवळ मधोमध जाते. उत्तम चाचणीची ही गत आहे, आणि अहवालात मात्र नुसतं 68 लिहिलेलं असतं.

विश्वसनीयता म्हणजे खरेपणा नव्हे. बूड चेपलेल्या पायलीनं दहा वेळा धान्य मोजलं तर दहाही वेळा माप सारखंच भरेल, आणि दहाही वेळा घेणाऱ्याला कमी मिळेल. चाचणी जे मोजते असं म्हणते तेच मोजते का, या प्रश्नाला मानसशास्त्रात सप्रमाणता म्हणतात. तो स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर जुळणीच्या सूत्रातून मिळत नाही.

जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात हा फरक भिंतीवरच दिसतो. फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1926 मध्ये एक वेगळी चाचणी काढली. मुलाला कागद-पेन्सिल द्यायची आणि माणूस काढायला सांगायचं. भाषा नको, शाळा नको. चित्राला 51 पैकी गुण. डोकं काढलं, एक. हात, एक. पाय, एक. डोळे, नाक, तोंड यांना प्रत्येकी एक. कपड्यांसाठी पाच. प्रत्येक चार गुण म्हणजे मानसिक वयाचं एक वर्ष.

आता वारली चित्रातला माणूस घ्या. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेले दोन त्रिकोण, टोकाला टोक लावून उभे. वर वाटोळं डोकं, खाली-वर रेषांचे हातपाय. चेहरा कोरा, अंगावर कपडा नाही. लग्नाच्या चौकाभोवती सवाशिणींनी पिढ्यान्‌पिढ्या हा माणूस असाच काढला. कमरेच्या त्या एका बिंदूवर तो वाकतो, नाचतो, पेरतो, तारप्याच्या फेरात वळतो. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हाच माणूस कागदावर, कापडावर नेला, देशोदेशी नेला आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गुडइनफबाईंच्या तक्त्यावर या माणसाचे डोळे, नाक, तोंड मिळून तीन गुण जातात. कपड्यांचे पाच जातात. आठ गुण, म्हणजे मानसिक वयाची दोन वर्षं. बाकी सगळ्या बाबतींत आपल्या वयाच्या बरोबरीनं चित्र काढणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीनं आजीसारखा माणूस काढला, तर तिचं मानसिक वय सहा ठरतं आणि बुद्ध्यंक 75. दोन परीक्षक बसवा, तिसरा बसवा, गुण तेच येतील, कारण कोऱ्या चेहऱ्यावर डोळे नाहीत याबद्दल कुणाचंच दुमत होणार नाही. विश्वसनीयता चोख, आणि निष्कर्ष साफ चुकीचा. या मुलीला डोळे काढता येत नाहीत असं नाही. तिच्या घरात माणूस काढायची जी रीत आहे ती तिनं नेमकी उचलली, आणि तेच तिच्या अंगावर आलं.

अमेरिकेतल्या आदिवासींबाबत हे उलट बाजूनंही दिसून आलं. 1940 च्या दशकात होपी मुलांना हीच चाचणी दिली तेव्हा मुलगे मुलींपेक्षा बरेच पुढे निघाले, कारण होपींत चित्रकाम पुरुषांकडे होतं. 1950 मध्ये गुडइनफबाईंनी डेल हॅरिस यांच्यासोबत लिहिलेल्या लेखात स्पष्ट म्हटलं की संस्कृतीपासून मुक्त अशी चाचणी शोधणं हा भ्रम आहे. वंशावंशांतली तुलना करणाऱ्या आपल्या जुन्या अभ्यासाबद्दल त्यांनी त्याच लेखात माफी मागितली. आपल्याच चाचणीबद्दल इतकं उघड लिहिणारे संशोधक थोडे, आणि त्यासाठी मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. आपल्याकडे बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांची चित्रं जमवून माणूस काढण्याच्या चाचणीची इथली मानकं 1960 च्या दशकात तयार केली. ते काम मोलाचं आहे, पण मानकं ज्या मुलांच्या चित्रांवरून काढली, त्या मुलांपुरतीच ती बोलतात.

मराठी मुलखातलं दुसरं मोठं काम नागपूरचं. आर्थर मालिन यांनी डेव्हिड वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचं भारतीय रूप केलं. 1969 पासून ते मालिन यांच्या नावानं ओळखलं जातं आणि मराठीतही दिलं जातं. सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड मापनाचं भारतीय रूपही त्यांचंच. ते मूळचं एडगर डॉल यांचं, 1935 चं, ज्या संस्थेत गोडार्ड यांनी बिनेंची चाचणी आणली होती त्याच संस्थेतलं. यात मुलाला काही विचारत नाहीत. ते स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, शेजारी एकटं जातं का, असं आईला विचारतात. मूळ यादीत बर्फावरची घसरगाडी चालवण्याचा आणि मेजावर सुरी वापरण्याचा प्रश्न होता. पोशेऱ्याकडचं आठ-नऊ वर्षांचं मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढतं, बैल पाण्यावर नेऊन आणतं, पहिल्या पावसात खेकडे पकडतं, कडू कंद तसाच खायचा नसतो हे जाणतं. परिपक्वता म्हणतात ती याहून वेगळी काय असते? यादीत हे प्रश्न नाहीत, म्हणून त्यांना गुण नाहीत.

मानकं जुनीही होतात. जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवलं की 1932 ते 1978 या काळात अमेरिकेतले सरासरी गुण 13.8 नी वाढले. त्यामुळे 1930 च्या दशकातल्या मुलांशी आजच्या शहरी मुलाची तुलना केली तर त्याचा आकडा फुगतो. जे मूल खरोखर मदतीचं हक्कदार आहे ते सत्तरच्या वर जाऊन सवलतीला मुकण्याची भीती असते. मोखाड्यातल्या घरी वारली, ठाकरी किंवा कातकरी बोली बोलणाऱ्या आणि प्रमाण मराठीत प्रश्न ऐकणाऱ्या मुलाचा आकडा उलट खाली ओढला जातो, आणि धडधाकट मुलावर मंदपणाचा शिक्का बसतो. एकाच चाचणीच्या या दोन चुका एकमेकींना खोडत नाहीत. त्या वेगवेगळ्या मुलांच्या वाट्याला येतात.

म्हणून कामतांची चाचणी फेकून द्यावी असं मी म्हणणार नाही. ती नसती तर आपण पुन्हा डॉक्टर किंवा मास्तर म्हणतील ते, या 1904 च्या जागी गेलो असतो, आणि गरीब मुलाविषयी तिथे होणारी चूक मोजताही आली नसती. कामतांनी धारवाडात जे केलं ते जव्हार-मोखाड्यात करायला हवं. प्रत्येक प्रश्न इथल्या बोलीत घालायचा, इथल्या मुलांवर तपासायचा, वय ठरवायचं, काही आठवड्यांनी परत घेऊन विश्वसनीयता काढायची आणि अहवालात आकड्याशेजारी चुकीचा पट्टा आणि मानकं कोणत्या मुलांची ते छापायचं. दोन परीक्षकांतला एक तरी ती बोली घरात बोलणारा हवा. जन्माच्या नोंदीही पडताळून घ्याव्या लागतील, कारण शाळेच्या दाखल्यावर अंदाजानं लिहिलेली जन्मतारीख एका वर्षानं चुकली तर आठ वर्षांच्या मुलाचा बुद्ध्यंक शंभरावरून थेट 114 वर जातो किंवा 89 वर येतो. आणि मुलं निवडायची ती पावसाळ्यात, दिवाळीच्या आत. त्यानंतर इथली कितीतरी कुटुंबं मुलांसकट वीटभट्ट्यांवर जातात. जानेवारीत शाळेच्या हजेरीपटावरून मुलं घेतली, तर मानकं निघतील ती फक्त मागे राहिलेल्यांची.