लार्ड म्हणजे नेमकं काय? आणि ते स्वयंपाकघरातून मागे का पडलं?

लार्ड म्हणजे डुकराची चरबी मंद आचेवर वितळवून, गाळून काढलेला पांढरा, मऊ स्निग्ध पदार्थ. मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीचं लार्ड सर्वांत चांगलं. त्याला मांसाचा वास जवळपास नसतो, म्हणून अमेरिकेत पायची पारी खुसखुशीत व्हावी यासाठी ते वापरलं जायचं.

१९११ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने सरकीच्या तेलात हायड्रोजन सोडून घट्ट केलेलं 'क्रिस्को' बाजारात आणलं आणि लार्ड मागे पडत गेलं. आपल्याकडे तुपाच्या जागी डालडा आला, तसंच काहीसं! गंमत म्हणजे अशा अर्धवट घट्ट केलेल्या तेलांतलं ट्रान्स फॅट हृदयाला जास्त घातक निघालं.

म्हणून लार्ड मनसोक्त खावं असं नाही. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३९ ग्रॅम संपृक्त मेद असतो. लोण्यात मात्र हाच आकडा ५० च्या आसपास जातो.