मुंबईचा प्लेग आणि साथीचे गणित

१/ १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे ही साथ वर्षानुवर्षे परतत राहिली. दर आठवड्याच्या मृत्यूंचे आकडे नोंदले जात होते.

२/ त्याच आकड्यांचा आधार १९२७ मध्ये एडिंबरा येथे घेतला गेला. कसौलीत काम केलेले डॉक्टर अँडरसन मॅककेंड्रिक आणि प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ विल्यम कर्मॅक यांनी साथीचे गणित मांडले.

३/ प्रश्न असा होता: सगळे बाधित होण्याआधीच साथ का ओसरते? गणिताचे उत्तर: बाधा होऊ शकेल अशी माणसे कमी होत जातात. एक रुग्ण सरासरी एकाहून कमी जणांना बाधा देऊ लागला, की साथ उतरणीला लागते.

४/ पडताळणीसाठी त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईचे आकडे घेतले. शिखरावर आठवड्याला सुमारे ९०० मृत्यू होते. सूत्राचा वक्र त्यांच्याशी बराच जुळला.

५/ परंतु प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो आणि ऋतुमानानुसार वाढतो-घटतो. सूत्रात या गोष्टींना स्थान नव्हते. ही मर्यादा लेखकद्वयानेही नमूद केली होती. वक्र जुळला, म्हणून कारण सिद्ध होत नाही.

६/ कोविडकाळात संगणकावर मांडलेली अनेक भाकिते याच सिद्धान्तावर उभी होती. म्हणून मुंबईचा हा धडा आजही लागू आहे: आकडेमोडीआधी रोग कसा पसरतो, हे समजून घ्यावे लागते.