महामारीतील प्रवास विमा: काय मिळते, काय मिळत नाही आणि कागदावर काय पाहायचे

आपल्या वस्त्यांतून लांबचा प्रवास प्रामुख्याने तीन कारणांनी होतो. कोणी शिष्यवृत्तीवर परदेशात शिकायला जाते, कोणी आखाती देशांत कामाला जाते आणि विहार किंवा महिला मंडळ बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशी धम्मयात्रा काढते. तिन्ही प्रवासांत पैसा कष्टाचा असतो. कुठे कर्ज काढलेले असते, कुठे भिशी उचललेली असते, कुठे वर्षभर दरमहा थोडे थोडे जमवलेले असतात. प्रवास मध्येच मोडला तर तो तोटा सोसण्याची ताकद बहुतेक घरांत नसते. यात्रेचे पैसे गोळा करणारा कार्यकर्ता तर दोन्हीकडून अडकतो. लोक त्याच्याकडे पैसे मागतात आणि टूरवाला हात वर करतो.

कोविडच्या काळात हे मोठ्या प्रमाणावर घडले. त्या वेळी सामाजिक कामात असलेल्या आमच्यासारख्यांकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असे, "विमा काढला होता, मग पैसे का मिळत नाहीत?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही इथे नीट मांडत आहोत. पुढची साथ कधी येईल हे कोणाच्या हातात नाही. पॉलिसी वाचून घेणे मात्र आपल्या हातात आहे.

प्रवास विमा म्हणजे एक नव्हे, अनेक विमे

प्रवास विम्याच्या एका पॉलिसीत वेगवेगळी कलमे असतात आणि प्रत्येक कलमाची रक्कम व अटी वेगळ्या असतात. साधारणपणे पाच भाग दिसतात: प्रवासात आजारी पडल्यास वा अपघात झाल्यास उपचाराचा खर्च, रुग्णाला किंवा पार्थिवाला मायदेशी आणण्याचा खर्च, निघण्याआधी प्रवास रद्द झाल्यास भरपाई, प्रवास मध्येच सोडावा लागल्यास भरपाई, आणि सामान, पासपोर्ट हरवणे किंवा विमानाला उशीर होणे यांसारख्या गोष्टी.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत जी रक्कम असते, ती बहुतेक वेळा उपचाराच्या खर्चाची असते. '५० हजार डॉलरचा विमा' असे एजंट सांगतो तेव्हा प्रवास रद्द झाल्यावर ५० हजार डॉलर मिळतात असे नाही. रद्द होण्याच्या कलमाची मर्यादा वेगळी असते आणि ती खूपच कमी असू शकते.

दुसरी गोष्ट, पॉलिसीत लिहिलेल्या कारणांसाठीच पैसे मिळतात. प्रवास रद्द होण्याच्या कलमात सहसा स्वतःचे गंभीर आजारपण, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती अशी कारणांची यादी असते. 'साथीच्या भीतीने जायचे नाही असे ठरवले' हे कारण सर्वसाधारण यादीत नसते. सरकारने सीमा बंद करणे, व्हिसा स्थगित करणे, विमाने थांबवणे हीदेखील अनेक पॉलिसींत अपवाद म्हणून लिहिलेली असतात. काही पॉलिसींत तर साथरोग आणि महामारी हाच अपवाद असतो.

आजारी पडणे वेगळे, अडकून पडणे वेगळे

महामारीत प्रवाशाचे नुकसान दोन प्रकारे होते. एक, तो स्वतः आजारी पडतो. दुसरे, तो धडधाकट असतो पण जग बंद होते. विम्याच्या दृष्टीने या दोन पूर्ण वेगळ्या घटना आहेत.

पहिल्या बाबतीत भारतात स्थिती बरीच स्पष्ट झाली. विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, ४ मार्च २०२० रोजी विमा कंपन्यांना सांगितले, की ज्या पॉलिसीत रुग्णालयातील उपचाराचा खर्च समाविष्ट आहे, तिथे कोरोनाचे दावे तत्परतेने हाताळावेत. पण इथेही एक अट आडवी येते. रुग्णालयाचा खर्च मिळण्यासाठी साधारणतः किमान २४ तास दाखल असावे लागते. सरकारी आदेशाने हॉटेलात १४ दिवस विलगीकरणात राहणे म्हणजे दाखल होणे नव्हे. त्या हॉटेलचे बिल हवे असेल तर पॉलिसीत विलगीकरणाचे स्वतंत्र कलम लागते. कोविडनंतर काही कंपन्यांनी तसे कलम आणले, पण त्यालाही दिवसांची आणि रकमेची मर्यादा असते.

दुसऱ्या बाबतीत, म्हणजे अडकून पडलेल्यांच्या बाबतीत, विमा अनेकदा कामी आला नाही. भारताने मार्च २०२० मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय विमाने थांबवली. अडकलेल्यांना परत आणणारी वंदे भारत मोहीम ७ मे रोजी सुरू झाली. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. समजा, कोणी मार्चच्या सुरुवातीला ३० दिवसांची पॉलिसी घेऊन गेले असेल, तर एप्रिलमध्ये ती संपली आणि माणूस तिथेच राहिला. पॉलिसी संपल्यावर आलेल्या आजारपणाला तिचे संरक्षण नसते. म्हणून मुदत वाढवून घ्यायची असेल तर ती संपण्याआधीच कंपनीला लेखी कळवावे. काही पॉलिसींत वाहतूक बंद पडल्यास ठरावीक दिवस आपोआप वाढून मिळतात. आपल्या पॉलिसीत तसे आहे का, हे निघण्याआधी पाहून ठेवावे.

'आधीच माहीत असलेली घटना'

विमा अनिश्चित गोष्टीचा असतो. घराला आग लागल्यावर आगीचा विमा काढता येत नाही, तसेच साथ जाहीर झाल्यावर तिच्यामुळे प्रवास रद्द होण्याचा विमा सहसा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी कोविडला आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य आणीबाणी म्हटले आणि ११ मार्चला महामारी. परदेशातील अनेक विमा कंपन्यांनी जानेवारीच्या उत्तरार्धापासूनच ती 'माहीत असलेली घटना' धरली. त्या तारखेनंतर पॉलिसी घेणाऱ्यांचे रद्द प्रवासाचे दावे याच मुद्द्यावर नाकारले गेले.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिकीट काढले त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात विमा काढावा, निघण्याच्या आदल्या रात्री नाही. आणि ज्या देशात जायचे तिथे जाऊ नये अशी सूचना आपल्या सरकारने आधीच दिली असेल, तर त्या देशासाठी पॉलिसी लागू राहते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

शिकायला आणि कामाला जाणाऱ्यांसाठी

व्हिसासाठी लागणारा विमा म्हणजे पुरेसा विमा, हा मोठा गैरसमज आहे. युरोपातील शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते. ती व्हिसा देणाऱ्यांची किमान अट आहे. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ शिकायला जाणारे विद्यार्थी व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरतात आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा लाभ घेतात. पण त्या अधिभारात मायदेशी परत येण्याचा खर्च, बुडालेले विमानभाडे किंवा हरवलेले सामान येत नाही. ऑस्ट्रेलियात आणि जर्मनीत विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. तोही उपचारापुरता असतो, रद्द झालेल्या प्रवासासाठी नाही.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर किंवा केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांनी मंजुरीचा आदेश हातात आल्यावर विम्याची रक्कम कोण, केव्हा आणि कोणत्या मर्यादेत देणार हे शब्दशः वाचावे. साथीच्या काळात वर्ग ऑनलाइन झाले आणि विद्यार्थी घरी परतला तर काय, हेही संबंधित कार्यालयाला पत्राने विचारून ठेवावे. तोंडी उत्तरावर निघू नये.

आखातात कामाला जाणाऱ्यांपैकी ज्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट असते, त्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता असतो. तिचे १० लाखांचे मुख्य संरक्षण अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. साथीच्या आजाराने झालेला मृत्यू हा अपघात नव्हे. एजंटने 'दहा लाखांचा विमा आहे' असे सांगितले तरी घरच्यांनी हा फरक समजून घ्यावा.

धम्मयात्रा काढणाऱ्यांसाठी

रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना काही पैशांत मिळणारा विमा अनेकांना प्रवास विमा वाटतो. तो रेल्वे अपघातापुरता आहे. गाडीत ताप आला, साथ लागली किंवा यात्रा रद्द झाली तर त्यातून काही मिळत नाही.

देशांतर्गत यात्रेत आजारपणासाठी आपल्याकडे दुसरी सोयही असू शकते. आयुष्मान कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत मिळतात आणि हे कार्ड बिहार, उत्तर प्रदेशातही चालते. म्हणून यात्रेकरूंच्या यादीत प्रत्येकाचा कार्ड क्रमांक लिहून ठेवावा. गया, वाराणसी, गोरखपूर इथली योजनेतील रुग्णालये निघण्याआधी शोधून ठेवावीत.

लुंबिनी मात्र नेपाळमध्ये आहे. तिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून ते परदेश आहे हेच आपण विसरतो. आयुष्मान कार्ड सीमेपलीकडे चालत नाही. साधी मेडिक्लेम आणि देशांतर्गत प्रवास पॉलिसीही सहसा सीमेवरच थांबते. यात्रेत लुंबिनी असेल तर नेपाळचे नाव किंवा तो प्रदेश पॉलिसीत लिहिलेला आहे का, हे पाहावे.

थायलंडचे उदाहरणही बोलके आहे. कोविडच्या काळात थायलंडने परदेशी प्रवाशांना आधी १ लाख डॉलरचे कोविड संरक्षण सक्तीचे केले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते ५० हजारांवर आणि मे २०२२ मध्ये १० हजारांवर आणले. नियम असे बदलतात. सहा महिने आधी काढलेली गटाची पॉलिसी निघताना पुन्हा तपासावी लागते.

गटाच्या पॉलिसीत प्रत्येकाचे नाव, वय आणि आधीचे आजार नोंदवलेले हवेत. मधुमेह, रक्तदाब लपवून हप्ता थोडा वाचतो, पण दावा नाकारायला तेच कारण पुरते. ज्येष्ठांसाठी वयाची मर्यादा आणि उपचाराच्या रकमेवरील मर्यादा वेगळी असते, तीही विचारावी.

पैसे आधी कोणाकडे मागायचे?

विमानकंपनी किंवा रेल्वेने स्वतः प्रवास रद्द केला असेल, तर पहिला दरवाजा त्यांचाच. जे पैसे दुसरीकडून परत मिळू शकतात, ते विमा कंपनी देत नाही. लॉकडाऊनमध्ये रेल्वेने रद्द केलेल्या गाड्यांचे पूर्ण पैसे परत दिले. विमानांबाबत सर्वोच्च न्यायालयाने प्रवासी लीगल सेलच्या याचिकेवर १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला. लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या उड्डाणांचे पैसे परत करण्याची पद्धत त्यात ठरली आणि एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचे पैसे एजंटने प्रवाशाला लगेच द्यावेत असेही स्पष्ट झाले. टूरवाल्याशी बोलताना हा दाखला लक्षात असू द्यावा.

दावा करताना आणि नाकारला तर

आजारी पडताच पॉलिसीवरील मदत क्रमांकावर कळवावे. उशीर झाला की कॅशलेस सोय हुकते. तपासणीचा अहवाल, दाखल व सुट्टीची कागदपत्रे, बिले, पावत्या, बोर्डिंग पास, रद्द झाल्याचा ईमेल, सरकारी आदेशाची प्रत हे सर्व मोबाइलमध्ये आणि घरच्या एका माणसाकडे ठेवावे. प्रत्येक दाव्यातून ठरावीक रक्कम कापली जाते, तिला डिडक्टिबल म्हणतात. ती किती, हे आधीच पाहावे.

दावा नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी मागावे. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल-फ्री क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे इथे लोकपालांची कार्यालये आहेत. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

पैसे भरण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

१. साथरोग किंवा महामारी अपवादांच्या यादीत आहे का?
२. दाखल न होता विलगीकरणात राहिल्यास काय मिळेल?
३. सरकारने सीमा वा विमाने बंद केली तर रद्द प्रवासाची भरपाई आहे का?
४. अडकून पडल्यास मुदत कशी वाढेल?
५. नेमके कोणते देश समाविष्ट आहेत?
६. प्रत्येक कलमाची मर्यादा आणि कपात किती?

उत्तरे व्हॉट्सअॅपवरच्या आश्वासनात नव्हे, पॉलिसीत किंवा कंपनीच्या ईमेलमध्ये हवीत. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळते. ते मराठीत मागता येते, जरूर मागावे. यात्रा काढणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे, की पहिली वर्गणी घेण्याआधी हे पत्रक आणि सहा प्रश्नांची उत्तरे विहाराच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावीत आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. कशाचे पैसे मिळणार नाहीत हे सर्वांना आधीच माहीत असेल, तर संकटात त्याचा दोष एकट्या कार्यकर्त्यावर येणार नाही आणि जे मिळायला हवे ते मागायला सगळे त्याच्यासोबत उभे राहतील.